केसिंग सिमेंटिंगचे रबरी प्लग: दोन्ही का लागतात, आणि प्लग बसला नाही तर काय करायचं

प्रश्न असे आहेत. तेलविहिरीच्या केसिंगचं, म्हणजे विहिरीत उतरवलेल्या पोलादी नळांच्या रांगेचं, सिमेंटिंग करताना खालचा रबरी प्लग वगळून फक्त वरचा टाकला तर चालेल का? वरचा प्लग हिशोबाप्रमाणे बसला नाही, तर तो बसेपर्यंत पंप करत राहावं का? आणि प्लग नीट बसला, दाब चढला, म्हणजे सिमेंट चांगलं झालं असं धरावं का? तिन्ही प्रश्नांचं माझं उत्तर "नाही" असं आहे. मात्र प्रत्येक "नाही"मागचं कारण वेगळं आहे. ते समजलं नाही, तर रिगवर रात्री दोन वाजता ते "नाही" टिकत नाही. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी प्लग नेमकं काय करतो ते पाहू. केसिंग विहिरीत उतरवलेली असते, आत-बाहेर मड, म्हणजे खोदकामाचा चिखलासारखा द्रव, भरलेलं असतं. आपल्याला सिमेंटची स्लरी केसिंगच्या आतून खाली न्यायची आहे आणि शूमधून, म्हणजे केसिंगच्या तळाच्या तोंडातून, बाहेर काढून केसिंग व खडक यांच्यामधल्या पोकळीत, म्हणजे ॲन्युलसमध्ये, वर चढवायची आहे. आतल्या प्रवासात स्लरीच्या पुढे मड किंवा स्पेसर (मड आणि सिमेंट वेगळे ठेवणारा द्रव) असतो आणि मागे पुन्हा मड. हे द्रव एकमेकांत मिसळले तर स्लरी बिघडते. थोडं मड मिसळलं तरी ती घट्ट होण्याची वेळ बदलते, ताकद कमी होते, कधी जेलसारखा गोळा तयार होतो. खालचा प्लग स्लरीच्या पुढे धावतो, वरचा तिच्या मागे. दोघांच्याही अंगाला रबरी वायपर असतात आणि ते केसिंगची आतली भिंत पुसत जातात.

दोघांत फरक आहे तो गाभ्याचा. खालच्या प्लगचा गाभा पोकळ असतो आणि त्यावर एक पातळ पडदा असतो. हा प्लग फ्लोट कॉलरवर (शूच्या थोडं वर बसवलेलं, एकाच दिशेने उघडणारी झडप असलेलं कडं) जाऊन बसला की मागून दाब वाढतो, साधारण २०० ते ४०० पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच, दाबाचं एकक) फरकाला पडदा फाटतो आणि स्लरी त्यातून पुढे जाते. नेमका आकडा बनवणाऱ्याच्या कागदावर बघायचा. वरच्या प्लगचा गाभा भरीव असतो. तो खालच्या प्लगवर येऊन बसला की वाट बंद होते, दाब झपाट्याने चढतो आणि पंप थांबवायची वेळ झाल्याचं कळतं. यालाच आपण बम्प म्हणतो.

ही कल्पना जुनी आहे. १९१० च्या सुमारास कॅलिफोर्नियात ए. ए. पर्किन्स यांनी दोन प्लगची पद्धत वापरात आणली. त्या वेळचे प्लग बिडाचे होते आणि पुसण्यासाठी त्यांना यंत्राच्या पट्ट्याच्या चकत्या लावलेल्या असत. प्लग तळाशी पोहोचला की दाब वाढायचा आणि वाफेवर चालणारा पंप थांबवला जायचा. आज साहित्य पूर्ण बदललं आहे, तत्त्व मात्र तेच आहे.

आता पहिला प्रश्न. खालचा प्लग वगळण्यामागची कारणं मी अनेकदा ऐकली आहेत: पुढे स्पेसर आहेच, पडदा फाटला नाही तर पंचाईत होईल, एक प्लगचं सिमेंट हेड (केसिंगच्या माथ्यावर बसवायचं, प्लग सोडणारं उपकरण) हाताशी आहे, दोन प्लगचं नाही. यातलं पहिलं कारण सर्वांत पटण्यासारखं वाटतं आणि तेच सर्वांत फसवं आहे. रंगाचा डबा उपडा केला तरी आतल्या बाजूला थर राहतो, तसा केसिंगच्या भिंतीवर मडचा थर राहतो. स्पेसर त्यातला काही धुतो, सगळा नाही. मग सिमेंट त्या थरावरून निघून जातं आणि मागून येणारा वरचा प्लग तो थर खरवडून आपल्यापुढे गोळा करत आणतो. म्हणजे घाण जमा होते ती स्लरीच्या शेपटीत, आणि शेपटीतली स्लरी जाते शूजवळ, जिथे आपल्याला सर्वांत चांगलं सिमेंट हवं असतं.

हे किती होतं, ते आकड्यांत मांडतो. ९ ५/८ इंची केसिंग, फुटाला ४७ पौंड वजनाची, लांबी २,५०० मीटर. आतला व्यास २२०.५ मिलिमीटर, म्हणजे दर मीटरला ३८.२ लिटर. भिंतीवर फक्त १ मिलिमीटर जाडीचा मडचा थर राहिला असं समजा. त्याचं एकूण आकारमान होतं सुमारे १.७ घनमीटर. केसिंगमध्ये ते ४५ मीटर लांबी व्यापेल. शू आणि फ्लोट कॉलर यांच्यात, म्हणजे शू ट्रॅकमध्ये, आपण दोन नळ ठेवले असतील तर ती लांबी झाली २४ मीटर आणि तिथे मावतात ९२० लिटरच्या आसपास. उरलेलं जवळजवळ ८०० लिटर घाणेरडं मिश्रण शूच्या बाहेर जाणार. १२ १/४ इंची विहिरीत ते शूभोवतालचे २७ मीटर व्यापू शकतं. थर अर्धाच मिलिमीटर धरला तरी शू ट्रॅक जवळपास पूर्ण भरतो, आणि ही गणना शुद्ध मडची आहे. तेच मड स्लरीत मिसळलं की बिघडलेल्या स्लरीचं आकारमान याहून मोठं असतं.

शू ट्रॅक ठेवतात तो यासाठीच. वरच्या प्लगने गोळा केलेला माल आत अडकावा, बाहेर जाऊ नये. पण त्याची क्षमता मर्यादित आहे आणि खालचा प्लग आधी भिंत पुसून गेला असेल तरच ती पुरते. म्हणून खालचा प्लग हवाच, असा माझा आग्रह आहे. शक्य असेल तिथे मी दोन खालचे प्लग सुचवतो: एक मड आणि स्पेसर यांच्यामध्ये, दुसरा स्पेसर आणि सिमेंट यांच्यामध्ये. लांब केसिंग आणि तेलाधारित मड असेल तर दुसऱ्या प्लगचा फायदा स्पष्ट दिसतो, कारण तेलाधारित मड आणि सिमेंट यांचं मिश्रण फार वाईट होतं.

अपवाद आहेत. स्लरीत किंवा स्पेसरमध्ये गळती रोखणारं भरड साहित्य भरपूर असेल, तर फाटलेल्या पडद्याच्या तोंडाशी ते अडकून वाट बुजण्याचा धोका खरा आहे. मोठ्या व्यासाची, उदाहरणार्थ २० इंची, केसिंग ड्रिल पाइप आतून घालून सिमेंट करतात, तिथे हा प्रकारच वेगळा. अपवाद मान्य करायचा तो लिहून, कारणासकट. "हेड मिळालं नाही" हे कारण मी धरत नाही. ती नियोजनातली कसूर आहे.

पडदा फाटणार नाही या भीतीने काही जण तो आधीच सुरीने चिरून ठेवतात. असं कधीही करू नका. चिरलेल्या पडद्याचा प्लग स्लरी रोखत नाही. स्लरी केसिंगमध्ये जड असते, ती प्लगमधून पुढे निघून जाते आणि प्लग मागे रेंगाळतो. मग तो असून नसल्यासारखाच.

यानंतर येते ती गोष्ट जिच्यात मी स्वतः कोणावरही सोपवून मोकळा होत नाही: प्लग भरणं. सिमेंट हेडमध्ये खालचा प्लग खाली आणि वरचा प्लग वर, इतकं साधं. पण क्रम उलटा झाला तर परिणाम भयंकर असतो. भरीव प्लग पुढे जातो, फ्लोट कॉलरवर बसतो, वाट बंद होते आणि त्याच्या मागे सगळी स्लरी केसिंगच्या आतच उभी राहते. भरीव गाभा फुटत नाही. फ्लोट व्हॉल्व्हमुळे उलट्या दिशेने बाहेर काढणंही शक्य नसतं. एका विहिरीवर हे घडलेलं मी पाहिलं आहे. पुढचे कित्येक दिवस केसिंगच्या आतलं कडक सिमेंट फोडण्यात गेले आणि बाहेर सिमेंट नव्हतंच, तेव्हा भोकं पाडून पुन्हा सिमेंट दाबावं लागलं. तिथे प्लग रंग बघून भरले होते. रंगाची पद्धत सगळीकडे एकच नाही. वरचा बहुधा काळा असतो. खालचा कोणाकडे लाल, कोणाकडे केशरी, कोणाकडे पिवळा. रंगावर विसंबू नका. प्लग उलटा करा, गाभ्यात हात घाला, पडदा दाबून बघा. पोकळ तो खालचा. भरताना कंपनीचा प्रतिनिधी आणि सिमेंटर दोघांनी उभं राहून पाहावं, फोटो काढावा आणि नंतर हेड कोणी उघडलं तर सगळं पुन्हा तपासावं.

मापही तिथेच तपासायचं. प्लग एका विशिष्ट केसिंगच्या वजनांच्या पट्ट्यासाठी बनवलेला असतो. एकाच ९ ५/८ इंची केसिंगमध्ये वजन बदललं की आतला व्यास बदलतो. वायपरचा बाहेरचा व्यास केसिंगच्या आतल्या व्यासाहून पुरेसा मोठा नसेल तर तो पुसणार नाही आणि मागचा द्रव बाजूने निसटेल. वर एका मापाची आणि खाली दुसऱ्या मापाची केसिंग असेल तर दोन्हींत चालणारा खास प्लग लागतो. वरचं मोठं माप पुसणारे वायपर खालच्या लहान मापात दुमडून गेले पाहिजेत आणि तरी अडकता कामा नयेत. अशा केसिंगसाठी साधा प्लग मागवणं ही चूक कागदावरच पकडता येते, म्हणून केसिंगची यादी आणि प्लगची मागणी शेजारी शेजारी ठेवून वाचा.

रबराबद्दल थोडं. नैसर्गिक रबर पाण्याच्या मडमध्ये आणि बेताच्या तापमानात उत्तम, झिजही कमी. तेल किंवा डिझेल लागलं की ते फुगतं आणि मऊ पडतं. तेलाधारित मडमध्ये नायट्राइल घ्या. तापमान आणखी वाढलं तर हायड्रोजनयुक्त नायट्राइल आणि फार गरम विहिरीत फ्लोरो-रबर. पॉलियुरेथेनचे प्लगही मिळतात. तापमानाची मर्यादा प्रत्येक मिश्रणाची वेगळी असते. ती बनवणाऱ्याकडून लेखी घ्या आणि प्लगला खालच्या तापमानात किती तास राहावं लागेल तेही सांगा. साठवणीत ऊन, ओझोन आणि वजन ही तीन शत्रूंची नावं लक्षात ठेवा. उघड्यावर पडलेल्या प्लगच्या कडांना बारीक भेगा पडतात. एकावर एक रचलेल्या प्लगचे वायपर एका बाजूला वाकतात आणि तसेच राहतात. असा प्लग नवा म्हणून पाठवला गेला तरी परत करा.

आता प्लग सोडण्याचा क्षण. स्लरी मडपेक्षा जड असल्याने केसिंगमध्ये ती आपल्या वजनाने खाली पळते, पंप देतो त्याहून वेगाने. वर दाब शून्य दिसतो, हेडमध्ये पोकळी तयार होते. बाहेर येणाऱ्या रिटर्नचा, म्हणजे विहिरीतून परतणाऱ्या द्रवाचा, वेग आधी पंपापेक्षा जास्त आणि पुढे कमी दिसतो. नवखा माणूस तिथे गळती झाली म्हणून घाबरतो. हे आधी गणितात बसवून ठेवलं असेल तर घाबरण्याचं कारण नाही. पण वरचा प्लग सोडताना पंप थांबवण्याचा वेळ शक्य तितका कमी ठेवा. पिन ओढली, हेडवरचा दर्शक हलला, आणि मागून पंप सुरू. दर्शक हलला म्हणजे प्लग गेलाच, असं शंभर टक्के म्हणता येत नाही, पण तो हललाच नाही तर पुढे जाऊ नका.

प्लगच्या मागे लाइनमध्ये उरलेली स्लरी हा आणखी एक वादाचा विषय. काही जण प्लग सोडून लाइनमधलं सिमेंट त्याच्यामागे ढकलतात. पुढे लगेच ड्रिल करून शू फोडायचा असेल तर प्लगवरचं थोडं सिमेंट त्रासाचं नसतं. उत्पादनाची शेवटची केसिंग असेल, तर मात्र लाइन आधी धुवा आणि मागे स्वच्छ पाणी किंवा पूर्णतेचा द्रव, म्हणजे विहीर उत्पादनासाठी तयार करताना वापरतात तो, जाऊ द्या. प्लगवर बसलेला सिमेंटचा खडा पुढे लॉगिंग (उपकरण खाली सोडून मोजमाप घेणं) आणि पूर्णतेच्या कामात नडतो.

मोजणी हा या उत्तराचा गाभा आहे. प्लग बसला नाही की सगळे रबराला दोष देतात. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा दोष मोजणीत सापडतो. वरचंच उदाहरण घ्या. फ्लोट कॉलर २,४७६ मीटरवर, म्हणजे डिस्प्लेसमेंट (वरच्या प्लगला कॉलरपर्यंत ढकलायला लागणारा द्रव) सुमारे ९४.६ घनमीटर, ५९५ बॅरल. रिगच्या पंपाच्या स्ट्रोकवर मोजणी केली आणि पंपाची कार्यक्षमता ३ टक्क्यांनी चुकीची धरली, तर चूक होते २.८ घनमीटरची. केसिंगमध्ये ते ७४ मीटर. आता याच्याशी ताडून बघा आपली सवलत: बम्प न झाल्यास हिशोबाच्या वर जास्तीत जास्त अर्ध्या शू ट्रॅकइतकंच पंप करायचं हा रूढ नियम. इथे ते फक्त ०.४६ घनमीटर. म्हणजे ज्या साधनाची चूक २.८ घनमीटर असू शकते, त्या साधनाने आपण ०.४६ चा निर्णय घ्यायला बसलो आहोत. आणि यादीत केसिंगचा एक नळ चुकून जास्त किंवा कमी मोजला, तर त्या १२ मीटरच्या नळाने ही सवलत आधीच संपवलेली असते.

म्हणून डिस्प्लेसमेंट शक्यतो सिमेंट युनिटच्या मोजलेल्या टाक्यांतून करा. आकारमान मोठं असेल आणि रिगच्या पंपाने करावंच लागलं, तर पंपाची कार्यक्षमता कामाआधी टाकीवर प्रत्यक्ष मोजून घ्या आणि चालू कामात टाकीच्या पातळीशी स्ट्रोक ताडत राहा. दोन माणसं दोन स्वतंत्र मोजण्या ठेवोत. केसिंगचा आतला व्यास सूचीतला न घेता शक्य तिथे प्रत्यक्ष मोजलेला घ्या, कारण कारखान्यातून आलेल्या नळांची भिंत सूचीपेक्षा थोडी कमी-जास्त असते आणि अडीच हजार मीटरवर त्या थोड्याचं पुष्कळ होतं. मड दाबाखाली आकसतं हेही धरायचं. पाण्याच्या मडसाठी दर पीएसआयला दहा लाखांत तीन भाग असं ढोबळमानाने धरलं, तर आपल्या ९४.६ घनमीटरला पंपाच्या दर १,००० पीएसआय दाबामागे जवळपास ०.३ घनमीटर जास्त लागतात. तेलाधारित मड याहून बरंच जास्त आकसतं. खोल विहिरीत "प्लग उशिरा बसला" असं जे वाटतं, त्यातला मोठा भाग हाच असतो.

समुद्रतळावर हेड असलेल्या विहिरीत आणि लायनरमध्ये (वरपर्यंत न येणारी, आधीच्या केसिंगमध्ये टांगलेली केसिंग) प्लग रिगवरून सोडत नाहीत. ते खाली केसिंगच्या तोंडाशी टांगलेले असतात आणि ड्रिल पाइपमधून पाठवलेला चेंडू किंवा डार्ट त्यांना सोडवतो. तिथे एक चांगली संधी मिळते. डार्ट प्लगला जाऊन भिडला आणि प्लग सुटला की दाबाचा एक काटा दिसतो. ड्रिल पाइपचं आकारमान आपल्याला माहीत असतं. त्या काट्यापाशी मोजलेलं आकारमान आणि खरं आकारमान यांतून पंपाची खरी कार्यक्षमता तिथल्या तिथे काढता येते आणि उरलेल्या डिस्प्लेसमेंटला लावता येते. हा काटा टिपण्यासाठी पंपाचा वेग आधीच कमी करा, नाहीतर तो गोंधळात हरवतो.

शेवटच्या टप्प्यात, साधारण १० ते २० बॅरल उरले असताना, वेग मिनिटाला २-३ बॅरलवर आणा. वेगाने आलेला प्लग कॉलरवर आदळला तर दाबाचा धक्का बसतो आणि कॉलर किंवा प्लग निकामी होऊ शकतो. त्या वेळी दाब किती दिसायला हवा हे आधी काढून ठेवा. बाहेर १,००० मीटर उभ्या उंचीचं १.९० घनतेचं सिमेंट आणि आत १.२० घनतेचं मड असेल, तर नुसत्या वजनाच्या फरकाचे जवळपास १,००० पीएसआय दिसले पाहिजेत, घर्षण वेगळं. तेवढा दाब दिसत नसेल तर सिमेंट ठरल्या उंचीवर नाही, किंवा वाटेत कुठे गळलं आहे. ही माहिती बम्पपेक्षा मोलाची आहे आणि पुष्कळ जण ती नोंदवतही नाहीत.

प्लग बसला की शेवटच्या दाबाच्या वर ५०० ते १,००० पीएसआय चढवून धरा. याच वेळी केसिंगची दाब चाचणी करून घेणं मला सर्वांत योग्य वाटतं. सिमेंट अजून द्रव असतं. केसिंग फुगते, दाब सोडला की आकसते आणि सिमेंट तिच्या मागोमाग हलतं. हीच चाचणी सिमेंट कडक झाल्यावर केली, तर केसिंग फुगून परत आकसताना मध्ये केसासारखी फट राहू शकते आणि वायूला तेवढी पुरते. अट एकच: प्लग, फ्लोट कॉलर आणि केसिंग या तिघांची मर्यादा पाहून सर्वांत कमी असेल ती पाळायची. त्यानंतर दाब हळूहळू सोडा आणि किती द्रव परत आला ते मोजा. थोडं परत येऊन थांबलं तर फ्लोट धरले.

आता दुसरा प्रश्न, बम्प झालाच नाही तर. पंप सुरू ठेवून डोकं खाजवू नका. विचार करायचा तो थांबून. टाक्यांची पातळी डोळ्यांनी बघा, रॅकवर उरलेले नळ मोजा, दुसऱ्या माणसाचा हिशोब बघा. सगळं जुळत असेल, तर आकसण्याची दुरुस्ती धरून अर्ध्या शू ट्रॅकपर्यंत जा आणि तिथे थांबा. "अजून थोडं" म्हणत पुढे गेलात, तर मागचं मड शूच्या बाहेर जाईल आणि शूभोवती सिमेंटच उरणार नाही. केसिंगमध्ये जास्तीचं सिमेंट उरलं तर ते ड्रिल करता येतं, थोडा वेळ जातो. शूबाहेर सिमेंट नसेल तर तिथे पुन्हा सिमेंट दाबावं लागतं, कधी दोनदा-तीनदा. या दोन चुकांतली कोणती पत्करायची हे ठरलेलं असलं की रात्रीचा वाद मिटतो.

थांबल्यावर फ्लोट तपासा. धरत असतील तर दाब सोडून सिमेंट घट्ट होऊ द्या. धरत नसतील तर जेवढं परत आलं तेवढंच पुन्हा आत ढकला आणि बंद करून ठेवा, त्याहून जास्त दाब कोंडून ठेवू नका. तो दाब केसिंग फुगवून ठेवतो आणि पुढे सोडल्यावर तीच फट पडते. घट्ट होताना उष्णतेने दाब वाढतो, म्हणून लक्ष ठेवून तो अधूनमधून कमी करत राहा.

उलट प्रकारही होतो: प्लग हिशोबाआधीच बसतो. फरक पंपाच्या चुकीच्या मर्यादेत असेल तर चिंता नाही. फरक मोठा असेल, तर प्लग वाटेत अडकला आहे, फ्लोट कॉलर बुजली आहे किंवा प्लगचा क्रम चुकला आहे. स्लरी घट्ट होण्याची उरलेली वेळ बघा, मर्यादेत राहून दाब टप्प्याटप्प्याने चढवून पाहा. सुटला तर उत्तम. नाही सुटला तर वेळ वाया न घालवता पुढच्या दुरुस्तीची तयारी सुरू करा.

तिसरा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. बम्प झाला म्हणजे भरीव प्लग कॉलरवर पोहोचला, एवढंच सिद्ध होतं. बाहेर ॲन्युलसमध्ये सिमेंट सगळीकडून बसलं का, मडची वाट एका बाजूला तशीच राहिली का, वायू घुसला का, यातलं काहीही प्लग सांगत नाही. मेक्सिकोच्या आखातातल्या मॅकोंडो विहिरीत एप्रिल २०१० मध्ये शेवटच्या केसिंगचे प्लग बसले होते, रिटर्न पूर्ण दिसले होते, आणि त्यावरून काम यशस्वी मानलं गेलं. सिमेंट तपासणारा लॉग घ्यायला आलेली टीम तो न घेताच परत पाठवली गेली. त्याच दिवशी, २० एप्रिलला, स्फोट झाला आणि ११ जण गेले. त्या दुर्घटनेची कारणं अनेक होती, सिमेंट त्यांपैकी एक. पण बम्प आणि रिटर्न या दोन खुणांवर विश्वास ठेवून पुढचे प्रश्न बंद करणं, ही सवय आजही रिगवर दिसते आणि मला तिची काळजी वाटते. या दोन खुणांना दाबाचा आलेख, परतलेला स्पेसर, लॉग आणि निगेटिव्ह टेस्ट (आतला दाब कमी करून बाहेरून काही आत येतं का ते पाहणारी चाचणी) यांची जोड लागते.

राहिलं ड्रिल करणं. पूर्वी प्लगचा गाभा ॲल्युमिनियमचा असे. आज प्लास्टिक किंवा कॉम्पोझिटचा मागवा, पीडीसी बिटला (कृत्रिम हिऱ्याच्या दातांच्या बिटला) तो सोपा जातो. खरा त्रास धातूचा नसतोच, प्लग बिटबरोबर गरगरा फिरू लागतो त्याचा असतो. तासन् तास फिरवलं तरी तो कापला जात नाही. यासाठी दाते असलेले, एकमेकांत आणि कॉलरमध्ये अडकणारे न फिरणारे प्लग मिळतात. ते संच म्हणूनच घ्या: एका बनावटीचे प्लग आणि दुसऱ्या बनावटीची कॉलर असेल तर दाते जुळत नाहीत. ड्रिल करताना वजन कमी, फेरे कमी, द्रवाचा प्रवाह पुरेसा. प्रगती थांबली तर बिट उचलून पुन्हा टेकवा, नुसतं वजन वाढवू नका. रबराचे तुकडे फ्लोलाइनमध्ये (विहिरीतून मड परत नेणाऱ्या नळीत) आणि बिटच्या नोझलजवळ साचतात, तिकडे एक माणूस ठेवा.

प्लग कोणत्या खोलीवर लागला ते लिहा आणि हिशोबाशी ताडा, पुढच्या केसिंगच्या मोजणीला ते उपयोगी पडतं. त्याहून महत्त्वाचं, कॉलरखाली शू ट्रॅकमधलं सिमेंट कसं लागतं ते मीटरमागे मीटर नोंदवा. पूर्ण लांबी कडक लागली तर शूबाहेरही बरं सिमेंट असण्याची शक्यता चांगली. वरचे काही मीटर मऊ आणि खाली कडक लागलं, तर वरच्या प्लगने गोळा केलेली घाण शू ट्रॅकने आत अडवली, म्हणजे योजना ठरल्याप्रमाणे चालली. शूपर्यंत मऊ लागत गेलं, तर शूखाली नवा खडक काही मीटर खोदून होणाऱ्या दाब चाचणीत कमी आकडा येण्याची तयारी ठेवा आणि पुन्हा सिमेंट दाबण्याचं साहित्य त्याच दिवशी मागवून घ्या.